बाळकाकांच्या बेसमेंटमधला गणपती

एडमंटनच्या मराठी मंडळाला स्वतःची जागा अशी कधीच नव्हती. कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये व्हायचे, मीटिंगा कुणाच्या तरी डायनिंग टेबलाभोवती, आणि मंडळाची सगळी चीजवस्तू मात्र चौतीस वर्षं बाळ वर्तकांच्या बेसमेंटमध्ये. साठ माणसांच्या पोह्यांचं पातेलं, समया, पाट, झांजा, नाटकातल्या दाढ्यामिशा, आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे दोन फुटी शाडूचा गणपती. अध्यक्ष आले नि गेले, बेसमेंट जागचं हललं नाही. नव्याने आलेल्या एखाद्या जोडप्याने मंडळाचं ऑफिस कुठे आहे असं विचारलं, तर लोक हसून सांगायचे, बाळकाकांच्या फर्नेसशेजारी.

बाळकाका एकाहत्तर साली आले ते काँक्रीटचे इंजिनियर म्हणून. पाणी काँक्रीटमध्ये शिरतं, थंडीत गोठतं, फुगतं आणि त्याला आतून फोडतं. ते कसं थांबवायचं याच एका प्रश्नावर त्यांची नोकरीची सारी वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर ती शिस्त घरातल्या खोक्यांवर उतरली. कुणीही घर बदलायचं म्हटलं की आधी बाळकाकांना फोन जायचा. ते स्वतःची टेप आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन हजर. जड सामान लहान खोक्यात, हलकं मोठ्या खोक्यात. ताटल्या आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या लावायच्या. खोका बंद केला की हलवून बघायचा, आत काही वाजलं तर मुकाट्याने सोडून पुन्हा भरायचा. हे सगळं ते इतक्या वेळा सांगायचे की त्यांच्या पत्नी उमाकाकू स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायच्या.

गणपतीचं तंत्र तर त्यांचं एकट्याचं. इथल्या नदीत मूर्ती सोडता येत नाही, म्हणून मंडळाचं विसर्जन एका निळ्या टबात व्हायचं. मूर्ती टबात ठेवायची, प्रत्येक घराने तिच्या पायांवर तांब्याभर पाणी सोडायचं, पुढच्या वर्षी लवकर या म्हणायचं, की बाप्पा बाळकाकांच्या गाडीत मागच्या सीटवर, बेल्ट लावून. शाडूची माती ती, बैठक पाणी पिऊन जड व्हायची. बाळकाका तिला घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसजवळ पंधरा दिवस सुकवायचे, रोज हात लावून बघायचे. पूर्ण कोरडी झाली की उमाकाकूंच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून, त्यावर वर्तमानपत्रं, मग प्लॅस्टिक, आणि मग त्यांनी स्वतः ठोकलेली लाकडी पेटी. हे सगळं त्यांनी कधी कुणाला शिकवलं नाही. कुणी विचारलंही नाही, आणि त्यांना मनातून ते बरंच वाटत होतं.

मग उमाकाकूंचे गुडघे गेले. दोन जिने चढण्यापेक्षा लिफ्टच्या इमारतीतली काँडो बरी, असं दोघांनी मिळून ठरवलं. दोघांनी मिळून, हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे बाळकाका तेवढंच विसरले. मंडळाची तेव्हाची अध्यक्ष होती यामिनी, चाळिशीच्या आतली, हॉस्पिटलात नोकरी करणारी, कामाला वाघ. तिने आठवड्याभरात मंडळाच्या सामानासाठी साऊथ साइडला एक स्टोरेज लॉकर भाड्याने ठरवला. गरम लॉकर सगळे भरलेले होते म्हणून बिनहीटिंगचा घेतला. गणेशोत्सवात तिने बाळकाकांना स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला आणि माइकवरून म्हणाली, "काका, थर्टी-फोर इयर्स. आता तुम्ही फक्त रिलॅक्स करा, सगळं आम्ही मॅनेज करू."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने मनापासून म्हटलं होतं. पण बाळकाकांना ते लागलं. हातातला नारळ घेऊन ते खाली आले ते घरातून बाहेर काढल्यासारखं तोंड करून.

विसर्जन रविवारी झालं. मंगळवारी लॉकरकडे जाणारा ट्रक येणार होता आणि शुक्रवारी घराच्या किल्ल्या नव्या मालकाला द्यायच्या होत्या. सोमवारी संध्याकाळी बाळकाकांनी मूर्तीच्या बैठकीला हात लावला. गार, ओली. पंधरा दिवस काही मिळणार नव्हते. पण एक फोन केला असता तर यामिनीने मूर्ती दोन आठवडे आनंदाने स्वतःच्या घरी ठेवून घेतली असती. बाळकाकांनी साडी काढली आणि गुंडाळायला घेतली.

उमाकाकूंनी दारातून विचारलं, "अहो, सुकलीय का ती?"

"त्यांची मूर्ती आहे, त्यांनी बघावं," बाळकाका म्हणाले आणि प्लॅस्टिक ओढून घट्ट टेप लावली.

पुढे कितीतरी वेळा त्यांना ती टेप फाटतानाचा आवाज आठवला. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. ओली माती, हवाबंद प्लॅस्टिक आणि उणे अडतीस. ज्या विषयावर त्यांनी आयुष्यभर रिपोर्ट लिहिले, तोच विषय त्यांनी स्वतःच्या हाताने पेटीत भरला होता. त्या हिवाळ्यात काँडोच्या खिडकीतून बर्फ बघताना त्यांच्या मनात अनेकदा आलं की आज यामिनीला सांगावं, पेटी आत आणून ठेव. सांगणं रोज उद्यावर गेलं आणि हिवाळा संपला.

ऑगस्टमध्ये लॉकर उघडला तेव्हा यामिनी, खजिनदार नंदन आणि बाळकाका असे तिघेच होते. यामिनीने स्वतः पेटी उघडली, प्लॅस्टिक कापलं. बैठकीचा भुगा झाला होता आणि मांडीपासून सोंडेपर्यंत मूर्ती दुभंगली होती. साडीला बुरशी आली होती. नंदन नुसता "ओह नो, ओह नो" म्हणत राहिला. यामिनीने ते प्लॅस्टिक उचललं, घडी केली, कचऱ्याच्या पिशवीत अगदी तळाशी घातलं आणि पिशवीची गाठ मारली.

त्या आठवड्यात मीटिंग झाली. नंदन म्हणाला, "हीटेड युनिटसाठी वेट करायला हवं होतं." कुणीतरी म्हणालं की चौतीस वर्षं बेसमेंटमध्ये काही झालं नाही आणि एका हिवाळ्यात हे असं. यामिनीने बाळकाकांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाळकाका समोरच्या बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे बाजूला करत होते. शेवटी ती म्हणाली, "लॉकर मी ठरवला होता. रिस्पॉन्सिबिलिटी माझी." बाळकाकांच्या जिभेवर वाक्य आलं होतं. त्यांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला.

घरी आल्यावर उमाकाकूंनी एवढंच विचारलं, "सांगितलंत?" बाळकाका बूट काढून तडक आत गेले. काकूंनी पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून मंडळाचा विषय त्या घरात निघेनासा झाला.

भारतातून नवी मूर्ती आली. भंगलेली मूर्ती यामिनीने आपल्या बॅकयार्डमध्ये बादलीत विरघळवली आणि माती झाडांना घातली. पण माणसं बोलायची ती बोललीच. हिच्या कारकिर्दीत बाप्पा भंगला, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही, पाठीमागे बऱ्याच जणांनी म्हटलं. जानेवारीत तिने अध्यक्षपद सोडलं. मग तिची मुलगी अक्षरा कार्यक्रमांत नाचेनाशी झाली. मग दोघी आणि यामिनीचा नवरा क्षितिज दिसेनासेच झाले. बाळकाका मात्र पहिल्या रांगेत बसत राहिले. लोक त्यांना म्हणायचे, तुमच्या हातात होतं तोवर ठीक होतं हो काका. ते ऐकताना त्यांना बसल्या जागी लाज वाटायची, आणि तरी ते मान डोलवायचे.

यंदा मे महिन्यात कळलं की क्षितिजला ब्रॅम्पटनला नोकरी मिळाली आणि ते सगळे चाललेत. बाळकाकांनी टेप आणि वर्तमानपत्रं घेतली आणि न बोलावता यामिनीच्या दारात जाऊन उभे राहिले. तिने हसून आत घेतलं. तासभर त्यांनी तिच्या ताटल्या भरल्या, एकेक कागदात गुंडाळून, उभ्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हात आता सावकाश चालत होते. अर्धा खोका झाल्यावर ते थांबले.

"यामिनी, ती मूर्ती मी ओली बांधली होती. मला माहीत होतं काय होणार ते. तरी बांधली."

यामिनीने हातातली वाटी खाली ठेवली. "आय नो, काका."

बाळकाकांना कळेना.

"प्लॅस्टिकला आतून पाण्याचे थेंब होते. वर्षभर बंद असलेल्या पेटीत पाणी कुठून येणार? नंदनच्या लक्षात येऊ नये म्हणून मी ते पटकन पिशवीत टाकलं."

"मग मीटिंगमध्ये तू का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल. मी थांबले होते काका, तुमच्याकडे बघत."

बाळकाकांनी आणखी एक ताटली कागदात गुंडाळली. मग म्हणाले, "येत्या रविवारी मीटिंग आहे. मी सगळ्यांसमोर सांगतो."

"सांगा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना सहन होईना. "आमची फ्लाइट शनिवारी आहे."

बाहेर ट्रक येऊन थांबला. यामिनी दार उघडायला गेली. बाळकाकांनी उरलेल्या वाट्या भरल्या, खोका बंद केला, टेप लावली आणि सवयीने हलवून पाहिला. आत काहीतरी वाजलं. ते टेप सोडवायला वाकले, तेवढ्यात ट्रकवाला आत आला, त्याने खोका उचलला आणि घेऊन गेला.