दोन हातांचा चुडा

जुन्नरच्या बाजारात बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या बाईंना आम्ही सगळ्या चाची म्हणतो. त्या माप विचारत नाहीत, हात दाबून ओळखतात. बांगड्या भरताना बाईला उठून जाता येत नाही. तेवढ्यात त्या हळूच विचारतात, "छातीत गाठ-बिठ न्हाई ना गं? लाजू नको."

कॉलेजात मिळालेलं कॅन्सर तपासणीचं पत्रक मी घरी नेलं होतं, पण आईला विचारायची माझी हिंमत झाली नव्हती. चाचींनी विचारलं, म्हणून तिची गाठ वेळेत कळली.

ऑपरेशन डाव्या बाजूचं होतं; हाताला सूज येऊ नये म्हणून आता डाव्या हातात बांगड्या घालायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. मामाच्या मुलीचं लग्न आलं, तर आई जाईना. "सवाष्णीचा हात मोकळा कसा दिसंल?"

मी तिला चाचींकडे नेलं. त्यांनी तिचा डावा हात अलगद मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांचा हिरवा चुडा उजव्यातच भरला.

"आता नुसता हात उगारलास तरी नवरा वचकंल!"

आई कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

लग्नात तीन जणींनी तिला डाव्या हाताबद्दल विचारलं. आईने तिघींनाही जवळ बसवून सगळं खरं सांगितलं.