पार्वताबाईंनी वर आणलेली मोटार

पार्वताबाई वारल्या. आज पहाटे, चिमूरला, स्वतःच्या घरी.

"मोटारीचं काम बाईचं नाई," असं त्यांच्या तोंडावर म्हणणारा पहिला गाढव मी.

माझं वय नव्वदीला टेकलंय. फोनवर बोटं चालत नाहीत, नात टाईप करून देतेय. पण हे लिहायलाच पाहिजे.

गोष्ट १९५० च्या दशकातली. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणायचे, आणि गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होतं.

मी चिमूरच्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होतो. ड्रायव्हर म्हणजे मेकॅनिकपण मीच.

डॉक्टरांनी एका लाकूड-ठेकेदाराच्या गोठ्यात सडत पडलेली, वीसेक वर्षं जुनी विलायती मोटार आणली. आठ महिने आम्ही दोघं तिच्या मागं होतो. इंजिन खोललं, पत्रा ठोकला, गडद हिरवा रंग मारला. बाजारात उभी केली की लोक तिच्यात तोंड पाहायचे.

खोट एकच. मागून बसकी होती, आणि डावीकडं जास्त.

"चालते ना? मग झालं," मी म्हणायचो.

नाही झालं.

जंगलातल्या एका गावाहून सखूला आणायला गेलो. पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. ती आणि तिची सासू मागं बसल्या तशी गाडी आणखी खाली गेली. अर्ध्या वाटेत बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकलं. चाकं नुसती फिरत राहिली.

शेवटी गावच्या माणसांनी तिला खाटेवर घालून चिमूरला नेलं.

सखू वाचली. बाळ नाही.

डॉक्टर मला रागावले नाहीत. हात धुतले आणि म्हणाले, "गाडी चार बोटं वर असती तर..."

रागावले असते तर बरं झालं असतं.

मी ट्रकचे दोन जाड कमानपाटे, म्हणजे गाडीचं वजन झेलणारे स्प्रिंगचे पाटे, आणून मागं दोन्हीकडं एकेक घातला. गाडी उठली, पण दगडासारखी कडक झाली. डॉक्टर स्वतः मागं बसून एक चक्कर मारून आले आणि कंबर धरून उतरले.

"यात पेशंट नेणार? लोहारवाडीतल्या पार्वतेला विचार."

पार्वता तेव्हा पंचविशीची असेल. वडिलांचा हात लुळा पडला, तेव्हापासून भट्टी तीच चालवायची. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवावी तर तिनंच.

ती आली. खाली वाकून बघितलं.

"भाऊ, पाट्यायचा बाक गेला. थकले थे. वरून जाड पाटा घालून काय होईन?"

तेव्हा मी ते वाक्य बोललो. वर म्हणालो, "तुमी बैलगाड्या पाहा."

"बैलगाडीले बी चाकंच असतात," ती म्हणाली, आणि पाना मागितला.

दोन दिवस काम चाललं. माझे जाड पाटे तिनं आधी बाजूला टाकले. जमिनीवर कोळशानं एक कमान आखली. एकेक पाटा तापवून, ठोकून त्या रेघेवर बसवला. जवसाच्या तेलात बुडवला, परत थोडा शेकला. रेघेला लागला नाही तर पुन्हा भट्टीत. तिसऱ्यांदासुद्धा.

मी पाटे चढवले. गाडी वर आली, डुलायलाही लागली. पण सुतळी लावून मोजलं तर डावी बाजू अजून दोन बोटं खाली.

खरं सांगतो, मला आनंद झाला.

"पाह्यलं? डावीकडं कच्चाच राह्यला तुमचा पाटा."

ती चिडली नाही. गाडीभोवती एक फेरी मारून विचारलं, "भाऊ, बोल्ट कधी आवळले?"

"उजवीकडचे जॅकवर. मग जेवाले गेलो. डावीकडचे गाडी खाली घेतल्यावर."

ती हसली.

"त मंग डावी खाली नाई भाऊ. उजवी वर अडकून राह्यली. बोल्टाभोवती रबर हाये ना, थे चाक लटकलेलं असतानाच तुमी दाबून धरलं. सोडा त्याले."

मी उजवीकडचे बोल्ट ढिले केले. तिनं मागचा बंपर दोन-तीनदा दाबला. गाडी कुरकुरली आणि बसली. मग तिथंच, चाकं जमिनीवर ठेवून, मी बोल्ट आवळले.

सुतळी लावली. दोन्हीकडं सारखी.

मी तिथंच धुळीत बसलो आणि म्हणालो, "बाई, चुकलो."

"उठा. डॉक्टर वाट पाहून राह्यले," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी त्याच वाटेनं त्याच सखूला आणलं. तोच उंचवटा आला तेव्हा मी श्वास धरला होता. गाडी वरून निघून गेली. काही लागलं नाही, काही घासलं नाही. पलीकडं गाडी थांबवून मी मागं वळून तो उंचवटा पाहत राहिलो. मागून सखूचीच हाक आली, "काऊन थांबले? चाला ना लवकर!"

मुलगी झाली. रडली तेव्हा डॉक्टरांनी खिडकीतून मला नुसती मान हलवून दाखवली.

पार्वताबाईंकडं मग ट्रकवालेही यायला लागले. पार लांबच्या घुग्घुसपासून. मी चांगली चाळीस वर्षं गाड्या चालवल्या, आणि बोल्ट आवळायच्या आधी दरवेळी गाडी जमिनीवर घेतली.

दुपारी मातीला जाऊन आलो. पार्वताबाईंच्या दुकानासमोर एक ट्रक मागून बसका उभा होता. त्यांची नातसून डोळे पुसत ड्रायव्हरला सांगत होती, "परवा या भाऊ. करून देतो."

तिचंही नाव आता लोक दुरून विचारत येतात.

पार्वताबाई, माझा शेवटचा रामराम घ्या. सुखानं जा.