तात्यांच्या दोरीवरचे अडीच फुगे

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी महिनाभरापासून विज्ञानाच्या ताब्यात आहे, आणि माझे परकर जिन्याच्या कठड्यावर. शेजारच्या गुणाजी तात्यांची कृपा.

तात्या सत्तरीचे, गिरणीत कापडाचे साचे चालवलेले. पूर्वी नावाची त्यांची नात बीएस्सीला गेली आणि तिची पुस्तकं तिच्याआधी हे वाचायला लागले. अणूतली ऊर्जा पायऱ्यापायऱ्यांनीच असते, अधलीमधली नसते, असं पुस्तक म्हणत होतं. पायऱ्या आल्या कुठून, ते तात्यांना दोरीत सापडलं. दोन्ही टोकं बांधलेली दोरी हलवली की तिच्यावर लाटेचा एक फुगा बसतो, दोन बसतात, तीन बसतात. अडीच बसत नाहीत.

"इलेक्ट्रॉन म्हणजे कोंडलेली लाट गो कांता. पायरीवरून पायरीवर उडीबिडी कोण मारीत नाय. एक लाट विरता, दुसरी भरता," ते मला समजावायचे.

पूर्वीनं उत्साहाच्या भरात कॉलेजच्या विज्ञान मंडळात आजोबांच्या भाषणाची दहा मिनिटं ठरवून टाकली. शनिवारची. तेव्हापासून तात्यांना जेवण जाईना. पांढरा शर्ट तीनदा इस्त्री झाला.

"माझा हसा झाला तर चलात," ते मला म्हणाले. "पण पोरीक अजून दोन वर्षां थयसरच, त्या कॉलेजात, बसूचा हा."

शुक्रवारी संध्याकाळी शेवटची तालीम. एक टोक माझ्या हातात. दोन फुगे झाले, तीन झाले. मला गप्प राहवतं कुठे?

"तात्या, दोनच ठेवा आणि जोरात हलवा बघू."

त्यांनी हलवली. फुगे दोनच राहिले, फक्त माझ्यासारखे जाडजूड झाले.

"म्हणजे पायऱ्या फुग्यांना," मी म्हटलं. "जोर काय, वाट्टेल तेवढा लावा."

मी आपली गंमत केली होती. "मगे ऊर्जेक पायऱ्यो खंय रवल्यो?" म्हणत तात्यांनी दोरी सोडली आणि ते खुर्चीत बसले. चहावर साय धरली तरी हात लावला नाही.

"कांताकाकू," पूर्वी हळूच म्हणाली, "हेच आमचे कॉलेजचे सर विचारणार उद्या. तुम्ही आजच विचारायला हवं होतं का?"

शनिवारी मी न बोलावता कॉलेजात गेले. घरी बसून राहणं जमेना. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं तात्यांच्या हातात. पहिला फुगा धड बसेना. मागे कुणीतरी खुसखुसलं. पूर्वी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेली.

दोन झाले, तीन झाले. मग तात्यांनी स्वतःहूनच दोनांवर जोर लावला.

"फुगे ठरलेले, हे दोरी सांगते," ते म्हणाले. "जोर ठरलेला का, ते सांगत नाही. तिथे माझं अडलंय. कालच शेजारणीनं विचारलं."

सरांनी पेन उघडलं. मी पदरात तोंड लपवलं.

तेवढ्यात बाक सरकलं. पूर्वी पुढे गेली, गजाची गाठ सोडली आणि ते टोक स्वतःच्या हातात घेतलं.

"पुन्हा हलवा, आजोबा. जोर हळूहळू वाढवा. मी मोजते."

दोरी अजून आम्हाला परत मिळालेली नाही. मीही मागितलेली नाही.