सासूचं एकच वाक्य

परवा रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात पडदा लावून सिनेमा दाखवला... आणि त्यातली सासू मी आहे. हसू नका.

गरीब बायांच्या बाळंतपणावरची डॉक्युमेंट्री, पण नाटकासारखी करून दाखवलेली. माणसं सगळी वस्तीतलीच. उन्हाळ्यात अंगणवाडीच्या खोलीत शूटिंग झालं.

मला एकच वाक्य होतं. "दिवस गेल्यावर पाय सुजतातच, त्याला दवाखाना कशाला?" पाठ करावं लागलंच नाही... शूटिंगच्या आठच दिवस आधी शेजारच्या सीमाला मी हेच सांगितलं होतं.

सीमाला आठवा लागलेला, नवरा वाळूजला कंपनीत. तपासणीच्या रांगेत पोटुशी बाई हवी, म्हणून तिलाच बसवलं. नर्स मात्र खरी, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर.

सिस्टरनी सीमाच्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं... परत बघितलं. पायावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. सिस्टरचा चेहरा उतरला. डायरेक्टर पोरगी खूश, "मस्त चाललंय सिस्टर, थांबू नका."

सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, "मी ॲक्टिंग करत नाही, ताई. गाडी काढा."

शूटिंगच्याच गाडीतून तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. सोबत मी, तोंडाला मेकअप तसाच. वाटेत सीमा हात धरून विचारते, "मावशी, असतंच ना हो असं?" दोष देत नव्हती, धीर मागत होती... मी ड्रायव्हरला म्हटलं, जोरात घे बाबा.

डॉक्टर म्हणाले, बीपी फार वाढलंय, आज आणलंत ते बरं झालं. तिला ठेवूनच घेतलं. दहा दिवसांनी सीमा बाळंत झाली. पोरगी मूठभर, काही दिवस काचेच्या पेटीत होती. दोघी घरी आल्या तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

नंतर डायरेक्टरनं विचारलं, मावशी, तुमचं वाक्य काढून टाकू का? म्हटलं, राहू दे. तपासणीचा तो खरा प्रसंगही सीमाला विचारून तसाच ठेवलाय.

परवा पडद्यावर मी ते वाक्य बोलले, तशी शेजारी लेकीला मांडीवर घेऊन बसलेली सीमा कानाशी आली. "मावशी, त्या म्हातारीचं लई ऐकू नका हां."

नाही ऐकणार, बाई. पण माझ्यासारख्या सासवा घरोघरी आहेत... त्यांनी माझं वाक्य ऐकावं, आणि त्यानंतर सिस्टर काय करतात तेही बघावं.