पावणं अजून ग्रुपात हायत

घरातल्या फोनच्या सुरक्षेचा कारभार आबांनी आपल्याकडे घेतला, तेव्हाच मी कपाळाला हात लावला.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. फौजेतून निवृत्त होऊन आष्ट्याजवळच्या आमच्या गावी ऊस लावून बसलेले. आईवडील गेल्यापासून आम्हा दोघी बहिणींचे पालक तेच, असं निदान ते सगळ्यांना सांगतात. माझी धाकटी बहीण कराडचं सासर सोडून आली, ती हाताला प्लास्टर घालून. नवऱ्याने पिरगळलेला हात होता तो. गावात राहिली असती तर तो कधीही दारात येऊन उभा राहिला असता. लग्नाआधी तिने रक्त तपासायचा कोर्स केला होता, त्याच्या जोरावर मी तिला मिरजेतल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये चिकटवून दिली. मी स्वतः सांगलीत शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे ती हाकेच्या अंतरावर होती. ती मिरजेत आहे हे नवऱ्याला कळू द्यायचं नाही, एवढीच गोष्ट आम्हाला सांभाळायची होती.

आबांनी मात्र मोहीमच उघडली. उन्हं उतरेपर्यंत ओसरीवर बसून त्यांनी मोबाइल कसे हॅक होतात याचे व्हिडिओ पाहिले आणि अंगात आल्यासारखे उठले. ‘ह्यातनं बघत्यात’ म्हणत घरातल्या प्रत्येक फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. काकूचा फोन चिनी निघाला म्हणून तो विकून दुसरा घ्यायला लावला. पासवर्ड एवढे लांबलचक करायला लावले, की काकूने आपला कागदावर लिहून फ्रीजच्या दाराला चिकटवला. मग व्हीपीएन घेतलं. आपण कुठून नेट वापरतो ते त्यामुळे बाहेरच्याला कळत नाही म्हणे. काकूला मात्र भजनाच्या मधेच कुठल्यातरी गोऱ्या देशातल्या जाहिराती दिसायला लागल्या, आणि ती बिचारी त्याही भक्तिभावाने ऐकायची.

मी आबांना विचारलं, “आबा, आपल्या मागं लागलंय कोण? चीन का आपलं जावई पावणं?”

“तुला न्हाई कळायचं त्यातलं,” आबा म्हणाले. “शत्रू कवाच दिसत नसतो.”

आमचा शत्रू चांगला धडधाकट होता, मोटारसायकलवरून कराडभर हिंडत होता आणि दिवाळसणाला आम्हीच त्याला अंगठी घातली होती. त्याला हॅकिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कळायची गरजही नव्हती. पण हे आबांना कोण सांगणार? जावयाशी लढायचं म्हणजे तोंड कडू करायचं आलं. चीनशी लढायला काही लागत नाही, एक पट्टी पुरते.

एका रविवारी मी मिरजेला बहिणीच्या खोलीवर गेले आणि आम्ही दोघी सरळ विचार करायला बसलो. लपायचं कुणापासून? नवऱ्यापासून. त्याला हवंय काय? तिचा पत्ता. मग तो मिळवायला त्याच्या हातात आधीच काय काय आहे? हे विचारल्यावर तिचा चेहरा उतरला. तिच्या हातातला फोन त्यानेच साखरपुड्यात दिलेला. त्यातलं खातं त्यानेच उघडलेलं, पासवर्ड त्यानेच ठेवलेला. कराडात बसून स्वतःच्या फोनवर तो तिचा फोन कुठं आहे ते बघू शकला असता. गावी असताना आबांनी नेमक्या त्याच फोनला पट्टी लावून, व्हीपीएन घालून, ‘आता बिनघोर ऱ्हा’ म्हणून तिला मिरजेला पाठवलं होतं. हा माणूस फौजेत पहाऱ्यावर कसा टिकला, देव जाणे.

तो फोन आम्ही त्याच दिवशी बंद केला. साधा नवा फोन घेतला, नंबर नवा, खातं नवं, आणि पासवर्डात तिचं लाडाचं नाव नाही की जन्मतारीख नाही, कारण ते त्याला पाठ होतं. तिचा नंबर माझ्याशिवाय कुणाला द्यायचा नाही असं ठरलं. कॅमेऱ्यावर पट्टी मात्र लावली नाही. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मला तिचं तोंड बघायचं होतं.

राहता राहिला भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप. चुलते, चुलतभाऊ, सुना, लेकी, जावई, सगळे त्यात. ती त्यात नव्हती, पण तिचा नवरा होता. ग्रुप आबांच्या ताब्यात.

“आबा, त्याला काढा आधी,” मी म्हणाले.

आबा असे दचकले, जणू मी त्यांना कुणाच्या तरी दारात शेण टाकायला सांगितलं. “जावयाला काढायचं? आगं, पावण्याचा मान असतोय. उद्या समझोता झाला तर कुठल्या तोंडानं बलवायचं?”

“त्यानं हात मोडलाय तिचा.”

“त्ये हाय गं. पण ग्रुपातनं काढलं की सगळ्यांस्नी दिसतंय.”

बघा म्हणजे. मोडलेला हात दिसला तरी चालतो, काढलेला जावई दिसता कामा नये. काकूही मान डोलावत होती. मी संतापाने लाल झाले, पण त्या घरात माझ्या संतापाची किंमत एका गुड मॉर्निंगच्या मेसेजएवढीसुद्धा नाही.

पुढे आबांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशनसाठी मिरजेतच आले, आणि आले ते नेमके बहिणीच्या इस्पितळात, कारण तिथं घरचं माणूस होतं. तिने ड्यूटी संपताच गरम भात आणून दिला, थेंब घातले, पाय चेपले. काकूने कौतुकाने कॅमेऱ्यावरची पट्टी सोलून फोटो काढला. डोळ्याला हिरवी पट्टी लावलेले आबा, शेजारी पांढऱ्या कोटातली बहीण, गळ्यात ओळखपत्र, मागे इस्पितळाची पाटी. ‘ऑपरेशन छान झाले. लेकीने फार सेवा केली.’ भावकीच्या ग्रुपवर.

सगळ्यात आधी अंगठा उमटला तो पावण्यांचा.

मी रिक्षात बसल्या बसल्या तिला फोन लावला. दुसऱ्या दिवशी तो इस्पितळाच्या फाटकाशी मोटारसायकल लावून उभा होता. तोवर ती नोकरी, खोली, सगळं टाकून मिरज जंक्शनवरून कुठल्या तरी गाडीत बसली होती. कुठल्या, ते मलाही सांगितलं नाही.

आणि आबा? आबा म्हणाले, “कुणीतरी ग्रुप हॅक केलाय.” मला हसूसुद्धा आलं नाही, किळस आली. त्यांनी ग्रुपवर फर्मान काढलं की सर्वांनी ताबडतोब पासवर्ड बदलावेत. त्यालाही पावण्यांचा अंगठा आला.

मी ग्रुप सोडला. चहा होईपर्यंत आबांनी मला परत आत घेतलं, ‘चुकून बाहेर पडली वाटतं’ असं लिहून. खाली लगेच जावयाचे जोडलेले हात: ‘या अक्का. घरच्या माणसांनी असं जाऊ नये.’ मी पुन्हा बाहेर पडले, आणि मला विचारल्याशिवाय कुणी ग्रुपात ओढू शकणार नाही अशी सेटिंग शोधून लावली.

बऱ्याच दिवसांनी अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. उचलला तर पडदा काळा. आवाज तिचा.

“दिसत न्हाईस गं,” मी म्हणाले.

“पट्टी लावलीया अक्का. मागचं काय दिसलं तर तू वळखशील, मी कुठं हाय त्ये.”

“मी ग्रुप सोडला. आणि मी कुणाला सांगंन व्हय?”

“तू आपणहून न्हाई सांगायचीस. पण आबा तुज्या दारात येऊन रडलं, तर?”

आबा रडले असते. त्यांना वेळेवर रडता येतं. आणि मी सगळ्यांना नावं ठेवणारी, पण मलाही ते बघवलं नसतं, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. मी त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिले. तिचं तोंड बघायला जीव तुटत होता.

“ऱ्हाऊ दे पट्टी,” मी म्हणाले.