दोनदा चढलेले चेक

रंगनाथकाका गेल्याचा फोन आला, तो आमच्या जुन्या दुकानाच्या धाकट्या मालकाचा. "फार इमानदार माणूस हो," तो म्हणाला. ऐकून अंगाचा तिळपापड झाला... याच तोंडानं सहा-सात वर्षांपूर्वी भर दुकानात काकांना विचारलं होतं, "चेक कुठं वठवले?" माणूस मेला की यांना त्याची किंमत कळते, कारण आता ती चुकवावी लागत नाही.

नवीन जालन्यातलं ते बियाण्यांचं दुकान. काका मुनीम, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. काकांच्या वहीत खाडाखोड शोधून सापडायची नाही. चूक झालीच तर समोर उलटी नोंद करायचे, कारण लिहायचे आणि खाली सही. दोन हजार सालाच्या सुमारास दुकानात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागोमाग पुण्याहून शिकून आलेले धाकटे मालक. शिकून म्हणजे काय, तर खुर्ची गोल फिरवायला.

एका महिन्याचे चेक मी कॉम्प्युटरात चढवले होते, बँकेच्या उताऱ्याशी जुळवून एकेकावर 'जुळले' अशी खूणही केली होती. या उंटावरच्या शहाण्यानं ते न बघता तेच चेक पुन्हा चढवले आणि एका दमात सगळ्यांवर खुणा मारून मोकळा झाला. आता कॉम्प्युटरात पैसे जास्त, पासबुकात कमी. बँकेत जायचे काका, म्हणून चोर काका. दुकानाच्या नावाचा चेक ते दुसरीकडं कसा वठवणार, एवढीही अक्कल त्याला नव्हती.

काका चिडले नाहीत. "पासबुक आन. नंबर वाच," मला म्हणाले. अर्ध्या तासात सापडलं, प्रत्येक नंबर दोनदा. "आधी दुसऱ्या नोंदीवरली खूण काढ, मंग ती नोंद रद्द कर. पन पुसू नको. समोर लिव्ह, दोनदा चढली, कोनाच्या हातून चढली. बराबर दिसलं पायजे." आणि ते जेवायला गेले.

धाकटे मालक माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "डिलीट मार. विषय संपला."

मी मारलं. नोकरीचं निमित्त सांगता येईल, पण खरं म्हणजे मी भित्रा होतो. दुकानातल्यांना कळलं ते एवढंच, सकाळी पैसे कमी होते, दुपारी बराबर झाले. "म्हाताऱ्यानं गुपचूप भरले वाटतं," कोणीतरी म्हणालं. मालक हसले. मी मान खाली घालून चहा प्यायलो. काका आले, पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "पुसलंस व्हय," एवढंच म्हणाले. महिनाअखेरीस नोकरी सोडून ते अंबडला गेले, आणि मी त्यांना तोंड दाखवलं नाही.

तेराव्याला गेलो. खुंटीला त्यांची कापडी पिशवी होती, तोंड उघडं. "तवापासून कोनाकडं गेले की ती अशीच दारात ठिवायचे," काकी म्हणाल्या. "लोक हसतेत म्हनलं, तर म्हनायचे, बघू दे आत काय हाय ते." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही तिथंच व्हते. खरं सांगा, त्यांनी पैसे भरल्ते का हो?"

मी नाही म्हणालो. सगळं सांगितलं, डिलीट कोणी मारलं तेही.

त्यांनी पिशवी खुंटीवरून काढून मांडीवर घेतली. "त्येबी हेच सांगायचे," म्हणाल्या. "मी लिव्हलेला कागद मागायची..."