हौसाचं छप्पर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीचं छप्पर खाली घेतलं ते. लासुर्ण्याच्या अलीकडं कोसभर, उसाच्या आडोशाला गाडी उभी होती. दिवस मावळायला आला होता. चार खिट्ट्या मी लावल्या, चार हौसानं. मग तिनं माझ्या चारही परत ओढून बघितल्या. म्हणाली, "ही ढिली हाय." मी म्हणालो, "न्हाय." तिनं ती आवळली आणि चुलीकडं वळली. रोज असंच चालायचं, म्हणून मी काही नीट बघितलं नाही.

हौसा माझी बायको. मी विहिरीवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करतो. बारामतीपासून इंदापुरापर्यंत कुणाचं इंजिन बसलं की मला बोलावणं यायचं. लेकी उजवल्यावर मी लढाईतली एक जुनी लष्करी रुग्णगाडी घेतली. आत माणूस ताठ उभा राहीना. म्हणून तिचं पत्र्याचं छप्पर कापलं, पुढच्या बाजूला बिजागऱ्या बसवल्या. पेटीचं झाकण उघडतो तसं मागनं उचलायचं, दोन टेकू द्यायचे, कडेनं तंबूचं कापड. खाली घेतलं की गाडी, वर केलं की घर.

लासुर्ण्यात आमचं घर आहे, मोठं आहे. पण आम्हाला दोन्ही लेकी आणि धाकट्या भावाला तीन मुलगे, त्यामुळं सत्ता त्याच्या बायकोची. हौसाला मिठाची बरणीसुद्धा विचारून उघडावी लागायची. आम्ही निघालो तेव्हा ही धाकटी जाऊ दारात उभी राहून म्हणाली, "अक्का, छप्पर उडालं की या माघारी. तुमची वाकळ काढून ठेवते."

हौसा म्हणाली, "वाकळ दे हिकडं. संगं नेते. छप्पर उडालं तर मी त्याच्या मागनं पळंन, पर हितं यायची न्हाय."

तेव्हापासून ते छप्पर म्हणजे तिचा जीव. इंजिनातलं तिला काही कळत नव्हतं, पण वारं कळायचं. जन्मभर खळ्यावर उभं राहून धान्य उफणलेली बाई. चंचीच्या एका कप्प्यात सुपारी, दुसऱ्यात कोंडा. गाडी थांबली की आधी चिमूटभर कोंडा वर उडवायची आणि तो कुठं जातो ते बघायची. एकदा मी तंबाखू समजून तोंडात टाकला. म्हणाली, "आता तुमीच सांगा वारं कुठलं हाय."

तिचा कायदा एकच. गाडीचं तोंड वाऱ्याकडं पाहिजे. "तोंडावर वारं घेतलं तर ते डोक्यावरनं जातंय. पाठ दिली की पदरात शिरतंय." काटेवाडीला एक मोठा बागायतदार गाडीत चहा पीत बसला होता. मधेच वारं फिरलं. हौसानं मला डोळ्यानं खुणावलं, छप्पर उतरवलं आणि त्याला आत बसवूनच गाडी वळवायला लावली. तो गडी डोकं खाली घालून, बशी धरून बसलेला. ती त्याला म्हणाली, "बसा, बसा. घर जरा फिरवतोय."

पणदऱ्याला मात्र मी चुकलो. ऐन मळणीचे दिवस. एका शेतकऱ्याचं इंजिन बंद, ऊस वाळत चाललेला. हौसा पाण्याला गेली आणि मी गाडी त्याच्या रिकाम्या खळ्यावर लावली. सपाट जागा, शेणानं सारवलेली, आणखी काय पाहिजे? छप्पर उचललं, मागचं दार उघडं टाकलं, चहाचं आधण ठेवलं.

ती घागर घेऊन आली आणि थबकली. "हे खळं हाय न्हवं?"

"व्हय. किती झकास जागा हाय बघ."

"खळं कुठं करत्यात? जितं वारं जास्त, तितं. आन् तुमी तितंच घर उघडून बसलाय."

मी म्हणालो, "आता कुठं वारं हाय?" ती घागर टाकून आत चढली, तेवढ्यात वारं मागच्या दारातनं आत घुसलं. टेकू पडले. छप्पर उठलं. हौसानं छप्पर खाली ओढायचा आतला कातडी पट्टा धरला आणि छपरानं तिला अधांतरी उचललं.

शेतकरी पळत आला आणि दारात अडला. परक्या बाईला हात कसा लावायचा? तोंड फिरवून म्हणाला, "तात्या, वैनींचं पाय धरू का?" मग शेताकडं हाक मारली, "अगं ये लवकर, वैनी टांगल्यात."

वरनं हौसा म्हणाली, "आदी पट्टा धरा, मग लाजा."

मी ओरडलो, "सोड गं, मरशील."

"लासुर्ण्याला न्यायचं असंल तर सोडते."

मग मी हँडल मारलं, बसलो आणि ती लोंबकळत असतानाच गाडी गरकन वळवली. तोंड वाऱ्याकडं झालं तसं छप्पर आपसूक धाडकन मिटलं. हौसा ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. पांढरीफटक बाहेर आली. विचारलं, "छप्पर हाय का?"

"हाय."

"मग च्या टाका. माझा हात भरून आलाय."

बिजागरी एक तुटली होती, तिचा खांदा पंधरा दिवस दुखत होता. धाकटीला यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढंच तिनं माझ्याकडनं कबूल करून घेतलं.

त्या उसाच्या आडोशाला पहाटे ती उठली नाही. मी हाक मारली, मग हात लावला. अंग गार होतं.

निरोप मिळाला तसा सकाळी भाऊ सायकलवर आला. पारावर बातमी गेली होती, वस्तीवरच्या चार बायाही जमल्या. भाऊ म्हणाला, "दादा, बैलगाडी मागनं येतीया. वहिनीला घरी न्यायला पायजे."

मी म्हणालो, "ती घरातच हाय."

"लोक काय म्हणत्याल? आन् आंघूळ कुठं घालायची? ह्यात बायांना उभं तरी राहता येतंय का?"

ते त्याचं खरं होतं. रात्रीत वारं फिरलं होतं, वस्तीवरच्या चुलींचा धूर गाडीच्या मागनं पुढं येत होता. मी हँडल मारलं, पुढं बसलो आणि गाडी हळूहळू वळवली, तिला धक्का लागू नये इतकी हळू. भाऊ सायकल धरून बाजूला झाला. मग आठही खिट्ट्या मी एकट्यानं काढल्या, छप्पर उचललं, टेकू दिले. बायांना म्हणालो, "जावा आत. ताठ उभ्या राहा."

बैलगाडी आली ती भावानं माघारी पाठवली. बाया आत होत्या तोवर मी बाहेर टेकू धरून उभा राहिलो.